मत दादाचं, पाऊंड तुमचे

वाचकाचा प्रश्न

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचकाने लिहिलं आहे. वय चाळिशी ओलांडलेलं, आयटीत नोकरी, पत्नी आणि शाळकरी मुलगी. मूळ गाव निफाड तालुक्यात, घरी द्राक्षं आणि कांदा. आईवडील आणि थोरला भाऊ गावीच असतात. ४ जून २०२४ ला लोकसभेची मतमोजणी होती. आपल्याकडे आठला सुरू होते म्हणून हे तिकडे पहाटे साडेतीनला उठून बसले. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं आणि ते यांना हवं तसं नव्हतं. घरी फोन केला, तर दादाने शांतपणे सांगितलं की त्याने आणि वहिनीने नेमकं त्याच पक्षाला मत दिलं, ज्याच्या विरोधात हे गेली कित्येक वर्षं सगळ्यांशी भांडत आलेत. शब्दाने शब्द वाढला. "तुम्हा लोकांना कधीच काही कळणार नाही," असं हे म्हणाले. दादा म्हणाला, "तिकडं बसून शिकवू नको. इथं राहून दाखव." त्यावर, यांच्याच शब्दांत, "रागाच्या भरात मी पैशाचंही काहीतरी बोलून गेलो." दादाने फोन ठेवला.

तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून हे बाहेर पडले. मागची दिवाळी रेडिंगलाच केली. मध्यंतरी दादाने काही न सांगता यांच्या भारतातल्या खात्यात दोन लाख रुपये टाकले. वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "चाळीचे आहेत म्हणे." म्हणजे कांदा साठवायच्या चाळीचे. आता डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे. वहिनीने पत्रिकेचा फोटो पाठवला. निमंत्रकांत यांचं नाव आहे, पुढे कंसात 'लंडन'. आणि 'प्रमुख उपस्थिती'त, ज्या पक्षावरून हे सगळं घडलं त्याच पक्षाच्या नेत्याचं नाव आहे.

ते विचारतात, "सख्ख्या भावालाही जिथे देशाचं भलं कळत नाही, तिथे माझं उरलंय काय? भारतीय पासपोर्ट सोडून ब्रिटिश घेऊन टाकावा, म्हातारपणी गावी परतायचा बेतही सोडून द्यावा, असं वाटतं. बायको म्हणते, आधी लग्नाला जा. पण त्या मांडवात हसऱ्या चेहऱ्याने उभं कसं राहायचं? इथल्या राजकारणाशी मला देणंघेणं नाही, इथे आम्ही पाहुणे. पण तो देश माझा होता."

उत्तर

तुमच्या पत्रात पक्षांची नावं होती, ती मी गाळली. ती राहिली असती तर निम्म्या वाचकांनी पहिल्याच परिच्छेदात ठरवून टाकलं असतं की तुम्ही बरोबर की दादा, आणि पुढचं कोणी वाचलं नसतं. शिवाय त्या जूनपासून परदेशातून अशी जी पत्रं येतात, त्यांत दोन्हीकडची माणसं आहेत. निकालच तसा लागला होता. 'चारसौ पार'ची वाट बघणाऱ्यांच्या वाट्याला भाजपच्या २४० आणि मित्रपक्ष धरून २९३ जागा आल्या. सरकार जाणार म्हणून बसलेल्यांच्या हाती काँग्रेसच्या ९९ आणि अख्ख्या आघाडीच्या २३४. १ जूनच्या एक्झिट पोलने एका बाजूला उगाच चढवलं होतं आणि दुसरीला उगाच रडवलं होतं. ४ तारखेच्या संध्याकाळी पेढे दोन्हीकडे वाटले जात होते आणि तोंडंही दोन्हीकडे पडली होती. म्हणून तुमचं पत्र वाचताना वाचकांनी पक्षाचं नाव आपापलं भरून घ्यावं. दुखणं बदलत नाही.

आता तुमच्याशी बोलते.

"सख्ख्या भावालाही देशाचं भलं कळत नाही" हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. दादाने त्या बाजूला मत का दिलं, हे तुम्ही त्याला विचारलंत का? चार पानी पत्रात कुठेही नाही. त्याने कोणाला मत दिलं ते आहे, तुम्ही त्यावर काय बोललात ते आहे, पण त्याचं कारण नाही. ते तुम्ही स्वतःच ठरवून टाकलंय: तो भुलला, किंवा त्याला कळत नाही.

तुमचा मतदारसंघ दिंडोरी. त्याचाच निकाल जरा जवळून बघू. कांद्याची निर्यात ८ डिसेंबर २०२३ पासून बंद होती. ती उठली ४ मे ला, तीसुद्धा ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर भावाची अट घालून. २० मे ला तुमच्याकडे मतदान झालं. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार पडल्या आणि शरद पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे १ लाख १३ हजारांच्या फरकाने आले. दुसऱ्या दिवसापासून सगळे लिहायला लागले की कांद्याने रडवलं. असेलही. पण त्याच कांद्याच्या पट्ट्यात साडेचार लाखांवर मतं भारती पवारांनाही पडली. ती देणाऱ्यांच्या चाळीतही कांदाच होता की. आणि भगरे याच आडनावाचे, 'तुतारी' हे चिन्ह मिळालेले एक अपक्षही उभे होते. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. त्या अपक्षाला १ लाख ३ हजारांवर मतं पडली. त्यातली किती समजून पडली आणि किती चिन्हाच्या घोटाळ्यात, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. निफाडात बसून सांगता येत नाही, तिथे तुम्ही रेडिंगहून एका आकड्यावरून दादाचं मन वाचलंत.

बरं, तो निकाल म्हणजे तुमच्या माणसांचा कायमचा कौल, असं धरायचं म्हटलं तरी पुढचं काय? जूनमध्ये राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला, तेव्हा २८८ पैकी २३० महायुतीकडे. मतदार याद्यांवरून मग जे आक्षेप आणि खुलासे झाले त्यात मी इथे शिरत नाही. मुद्दा एवढाच की साडेपाच महिन्यांत राज्यातली माणसं देशद्रोही होऊन पुन्हा देशभक्त झाली, किंवा त्याच्या उलट, असं तुम्ही मानत नसाल, तर जूनवरून काढलेला निष्कर्षही जरा सैल धरा. लोकसभेला एक, विधानसभेला दुसरं, ग्रामपंचायतीला भावकी बघून तिसरंच, असं मत देणारी घरं तुमच्या तालुक्यात हवी तेवढी सापडतील. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही.

पण खरं सांगू का, तुमचं आणि दादाचं बोलणं पक्षावरून बंद पडलेलं नाही. "पैशाचंही काहीतरी बोलून गेलो." त्या 'काहीतरी'त काय होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण दोन पानांनंतर दोन लाखांची गोष्ट येते, 'चाळीचे आहेत म्हणे', आणि मग न लिहिलेलंही वाचता येतं. कांदाचाळ बांधायला तुम्ही पैसे पाठवले होते आणि त्या दिवशी ते काढून दाखवलेत. त्यानंतर दादा पक्षाबद्दल एक शब्दही बोललेला नाही. ना ग्रुपवर, ना वहिनीकरवी. त्याने कांदा विकला आणि पहिला हप्ता टाकला. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने सांभाळायचा, सडलेला रोज निवडून काढायचा, बाजारसमितीत लिलावाला उभं राहायचं, आणि त्यातून आलेले दोन लाख न बोलता भावाच्या खात्यावर टाकायचे. हे तुमच्या फोनला दिलेलं उत्तर आहे, आणि तुम्ही ते पत्रात 'मध्यंतरी' म्हणून एका ओळीत उरकलंत.

परदेशातून घरी पैसे पाठवणाऱ्या सगळ्यांनाच हे सांगायचंय, कारण आपल्याकडे अशी घरं थोडी नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा निघाला, साधारण पाचवा हिस्सा. पैसे पाठवणाऱ्याला नकळत वाटायला लागतं की आपण घराचे भागीदार आहोत, मग घराने मतही आपल्याला विचारून द्यावं. बोलून कोणी दाखवत नाही. निकालाच्या दिवशी मात्र ते बाहेर पडतं. तुम्ही पाठवलेल्या पैशाने चाळ उभी राहिली हे खरं आहे. त्याच काळात वडिलांच्या, म्हणजे नानांच्या दवाखान्याच्या फेऱ्या, आईचं पथ्य, रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला शेतात जाणं हे दादाने केलं, त्याचा हिशेब त्याने कधी पाठवला नाही. "इथं राहून दाखव" हे त्याचं वाक्य तुम्हाला राजकीय वाटलं. मला ते थकलेल्या माणसाचं वाटतं. चुकत असेन तर दादाच सांगेल, पण त्यासाठी त्याला विचारावं लागेल.

पत्रिकेकडे येऊ. तुम्ही तिचा फोटो पत्रासोबत पाठवलात, ते बरं केलंत. तुमची नजर एका नावावर अडकली. मी उरलेली पत्रिका वाचली. 'प्रमुख उपस्थिती'त त्या नेत्याच्या शेजारीच, त्याच ओळीत, त्याच टायपात, तुमच्या आवडत्या पक्षाच्या नेत्याचंही नाव आहे. खाली तिसऱ्या पक्षाचा बाजारसमितीतला माणूस आहे. सोसायटीचे चेअरमन, पतसंस्थेचे संचालक, आजी-माजी सरपंच, सगळे आहेत, आणि हे एकमेकांविरुद्ध लढलेले असणार. आपल्याकडच्या गावातल्या लग्नपत्रिकांची शहरातले लोक चेष्टा करतात की वधूवरांपेक्षा पुढाऱ्यांची नावं मोठी. चेष्टा करण्यासारखं आहेच. पण ज्या गावात मत गुप्त राहणं अवघड आणि पाणी, रस्ता, कर्ज सगळ्यासाठी त्याच दहा माणसांकडे जायचं, तिथे दोन्ही नावं एका ओळीत छापणं हे एक शहाणपण आहे. दादाने ते पाळलंय. त्याने लग्नात निवडणूक आणलेली नाही, तुम्हीच ती पत्रिकेत शोधलीत.

अजून एक नाव तुमच्या पत्रात आलं नाही. पत्रिकेच्या तळाशी, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' म्हणणाऱ्या चिमुकल्यांच्या रांगेत, तुमच्या मुलीचं. दीड वर्ष जो भाऊ तुमच्याशी बोलला नाही, त्याने छपाईला देताना तिचं नाव आठवणीने घातलं. निमंत्रकांत तुमचं घातलं. तुम्ही येणार की नाही हे माहीत नसताना, न येण्याची शक्यता जास्त असताना. तुम्ही विचारताय, "माझं तिथे उरलंय काय?"

आता देश. तुम्ही लिहिता, इथे आम्ही पाहुणे, देश तिकडे. तिकडच्या निवडणुकीत तुमचा हक्काचा भाग किती होता? २०१० च्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, फॉर्म ६अ भरून, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन जातीने केंद्रावर जावं लागतं. दुसऱ्याकरवी मत देऊ द्यावं असं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेने मंजूर केलं होतं, ते पुढे गेलं नाही आणि सभागृहाची मुदत संपल्यावर बारगळलं. टपाली मतदान सैनिकांना, वकिलातीतल्या कर्मचाऱ्यांना आहे, तुम्हाला नाही. याचा परिणाम काय होतो बघा. २०२४ ला देशभरात असे सुमारे १ लाख १९ हजार मतदार नोंदलेले होते, प्रत्यक्ष मत दिलं तीन हजारांच्याही आत, आणि त्यातले बहुतेक केरळचे. महाराष्ट्रात पाच हजारांवर नोंदणी होती. येऊन मत देणारे १७.

नियम बदलायला हवा, असं माझंही मत आहे. पण तुम्ही त्या पाच हजारांतही नव्हतात, हे तुम्हीच लिहिलंय: "नोंदणीचं राहून गेलं." राहून जातं, मान्य. वायव्य मुंबईची जागा त्या निवडणुकीत ४८ मतांनी ठरली. अंधेरी-गोरेगावचे किती जण तुमच्यासारखेच पहाटे उठून दुबईत, लंडनमध्ये, न्यू जर्सीत आकडे बघत बसले असतील, कोणास ठाऊक.

मग जिथे तुम्हाला बसल्या जागी मत आहे, तिथलं बघा. २२ मे २०२४ ला, म्हणजे दिंडोरीचं मतदान होऊन दोन दिवस झाले होते, तिथले तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात उभं राहून निवडणूक जाहीर केली. मतदान ४ जुलैला, तुमच्या त्या फोननंतर बरोबर महिन्याने. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला तिथल्या संसदेसाठी मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. केंद्रावर ओळख म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. जाणं जमत नसेल तर टपालाने द्या, नाहीतर दुसऱ्याला द्यायला सांगा, तिकडे दोन्ही सोयी आहेत. ही गोष्ट तिथे दहा-दहा वर्षं राहिलेल्या आपल्या कितीतरी लोकांना माहीतच नसते. तुम्ही घर घेतलं आहे असं पत्रात ओघात आलंय. मॉर्गेजच्या वेळी क्रेडिट स्कोअर सुधारावा म्हणून लोक इलेक्टोरल रोलवर, म्हणजे मतदार यादीत, नाव घालून ठेवतात, तसं तुमचंही बहुधा असेल. म्हणजे मतदार तुम्ही आहातच. ४ जुलैच्या मतदानासाठी घरी पोलिंग कार्ड आलं असेल आणि पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत गेलं असेल.

हे खिजवण्यासाठी लिहीत नाही. 'पाहुणे' म्हणवून घेण्यात एक सोय असते: इथलं काही बिघडलं तर आपली जबाबदारी नाही, आणि तिकडचं बिघडलं तर आपल्याला फक्त दुःख करायचंय. पण तुमची मुलगी तिथल्या शाळेत जाते. तुमच्या आईवडिलांना कधी तिकडे न्यायचं म्हटलं तर व्हिसाचे नियम वेस्टमिन्स्टरमध्ये ठरतात. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने श्वेतपत्रिका काढून कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहा वर्षांवर न्यायचा प्रस्ताव मांडला. तुमचं आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, झालंय, पण तुमच्या टीममधल्या ज्या पोरांचं व्हायचंय त्यांची झोप उडाली आहे. त्यांच्या वतीने तिथल्या खासदाराला चार ओळी लिहिणं तुम्हाला शक्य आहे. दिंडोरीच्या खासदाराला तुम्ही रेडिंगहून काय लिहिणार? मे महिन्यात इंग्लंडात बहुतेक दर वर्षी बऱ्याच ठिकाणी कौन्सिलच्या निवडणुका असतात. रोलवर नाव आहे ना, एवढं या आठवड्यात बघून घ्या. ज्याच्या हातात कुठेतरी खरं मत असतं, त्याचा दुसऱ्याच्या मतावरचा राग थोडा उतरतो, असा माझा अनुभव आहे. पुरावा नाही, अनुभव.

पासपोर्टचं मात्र रागात करू नका. शांतपणे केलंत तर माझा विरोध नाही. उलट एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. आयएलआर असलेला माणूस सलग दोन वर्षांहून जास्त काळ ब्रिटनबाहेर राहिला तर ते रद्द होतं. म्हणजे उद्या नानांसाठी तीन वर्षं गावी येऊन राहायचं ठरवलंत, तर भारतीय पासपोर्ट ठेवून तुम्ही तिकडचा परतीचा सरळ रस्ता गमावता. ब्रिटिश पासपोर्ट आणि सोबत ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असेल तर निफाडात हवं तितकं राहून केव्हाही परत जाता येतं. घराशी नातं तोडायला म्हणून जो पासपोर्ट घ्यायचं तुमच्या मनात आहे, तोच घरी येऊन राहायला जास्त उपयोगी पडेल, अशी ही गंमत आहे.

त्याची किंमतही बघा. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. दुहेरीची सोय आपल्याकडे नाही, आणि ओसीआय कार्डाला नागरिकत्व समजून चालू नका. मत जातं, निवडणूक लढवता येत नाही, आणि परदेशी नागरिक झाल्यावर इथल्या पक्षांना देणगीही चालत नाही. परत भारतीय होता येतं, पण वाट लांबची आहे. शेतजमिनीची भीती तुम्ही लिहिलीत, ती निम्मी खरी आहे. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन नव्याने विकत घेता येत नाही, पण ती तर तुम्हाला आज अनिवासी म्हणूनही घेता येत नाही. वडिलांकडून वारसाने येणारी जमीन मिळू शकते. तरी सातबाऱ्याचं काम निघालं तर नाशिकच्या एखाद्या वकिलाला कागद दाखवूनच पुढे जा, सदर वाचून जाऊ नका. आणि अर्ज भरायचाच असेल तर लग्न पार पडल्यावर भरा. निकालाच्या रागात आणि दादाशी अबोला असताना घेतलेला पासपोर्ट पुढे दर वेळी विमानतळावर काढताना तेच आठवत राहील.

आता करायचं काय. लग्नाला जायचं, यात मला शंका नाही आणि पत्र लिहिताना तुम्हालाही नव्हती असं वाटतं. पण मांडवात पहिल्यांदा समोरासमोर येऊ नका. तिथे दादा वधूपिता असणार, त्याच्या मागे शंभर कामं आणि समोर हजार माणसं. आधी फोन करा. तुम्हाला फोनची धास्ती आहे हे कळतं, म्हणून आधी वहिनीला विचारा की दादा निवांत कधी असतो. लाईटची पाळी रात्रीची असेल तर तुमची दुपार म्हणजे त्याची शेतावर जायची वेळ.

फोनवर माफी पैशाच्या वाक्याची मागा, आणि तेवढ्याचीच. "राजकारणावरून आपलं वाजलं, सोडून दे," असं म्हणालात तर ते चुकवणं होईल, त्याला लगेच कळेल. "चाळीचं बोललो ते चुकलं" एवढं पुरे. त्याला जोडून "पण तूही..." नको. तुमचं राजकीय मत बदलायची गरज नाही, आणि बदलल्याचं नाटक तर नकोच. दादाला मतदानाचं कारण विचारायचंच असेल तर लग्नानंतर, बांधावर बसल्यावर विचारा आणि ऐकून घ्या. उत्तर पटलं नाही तरी चालेल.

दोन लाखांचं जपून. ते परत त्याच्या खात्यावर टाकू नका, तो पुन्हा तुमच्याकडे टाकेल आणि बँकेचाच फायदा. पुतणीच्या आहेरात मिसळून तर मुळीच देऊ नका. आहेर वेगळा, काका म्हणून जो द्यायचा तो द्या. त्या पैशाचं काय करायचं ते दादालाच विचारा. तो "राहू दे तुझ्याकडे" म्हणाला तर राहू द्या. घेणं हाही मान असतो. पुढे कधी पैसे पाठवाल तेव्हा ते उसने की भेट, हे दोघांनी आधी बोलून घ्या. ही सूचना सगळ्याच अनिवासी भावंडांना आहे.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये परत या, पण घरच्या ग्रुपवर राजकीय व्हिडिओ टाकू नका. ते पाठवणारे तुमचे मित्र टोरांटो आणि सिडनीत बसलेत, त्यातल्या कोणालाच लिलावाचा आजचा भाव माहीत नाही. बातम्या वाचायच्या असतील तर नाशिकचं एखादं दैनिक ऑनलाइन वाचत जा, रोज नाही जमलं तरी बाजारभावाचं पान. दादाशी बोलायला विषय मिळेल. आणि पुढच्या लोकसभेला खरंच मत द्यायचं असेल तर फॉर्म ६अ आत्ता भरा. जुन्या यादीत तुमचं नाव गावचे रहिवासी म्हणून अजून असेल, तर त्यावर जाऊन मत देऊ नका, ते नियमात बसत नाही.

राहता राहिला 'प्रमुख उपस्थिती'तला नेता. तो येईल, बहुधा उशिरा येईल, शाल-नारळ घेईल, माइकवर दोन मिनिटं शुभेच्छा देईल. 'लंडनचे पाहुणे' म्हणून तुम्हालाच त्याचा सत्कार करायला पुढे ढकलतील, ही शक्यता धरून ठेवा. हार घाला, नमस्कार करा. त्या दिवशीच्या तिथीला त्याला आणखी पाच मांडव गाठायचे असतात, तो जेवायलाही थांबणार नाही.